पडदा नसलेला कॉम्प्युटर

टायपिस्टच्या टेबलावर कीबोर्ड आहे, दोन स्पीकर आहेत, हेडफोन आहे. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा आणि त्याच्या शेजारी पायाने दाबायचं पेडल. पडदा नाही. पूर्वी होता, पण तळमजल्यावरच्या औषधवाल्याला त्याने तो देऊन टाकला. औषधवाल्याने दुकानात कॅमेरा बसवला होता आणि त्याचं चित्र बघायला काही नव्हतं. इकडे टायपिस्टच्या टेबलाची अर्धी जागा एका काचेने अडवली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. टायपिस्टला दिसत नाही. लहानपणी तापात डोळे गेले, आणि आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे.

"माझ्याकडे तो नुसती वीज खातोय," तो औषधवाल्याला म्हणाला होता. "तुमच्याकडे निदान चोर तरी दाखवेल."

टायपिस्टचा कॉम्प्युटर बोलतो. पडद्यावर जे उमटायचं ते वाचून दाखवणारा आवाज त्यात बसवलेला आहे. बाईचा आवाज, सपाट, न दमणारा, मध्ये श्वासही न घेणारा. टायपिस्टने तिचं नाव मावशी ठेवलं आहे, कारण विचारलं नाही तरी ती सगळं सांगते. तो तिला इतक्या वेगाने बोलायला लावतो की परक्या माणसाला खोलीत माशी शिरल्यासारखं वाटतं.

त्याचं काम लोकांचं बोलणं लिहून काढण्याचं. सभा, मुलाखती, सुनावण्या. रेकॉर्डिंग येतं, तो ते हेडफोनवर ऐकतो, पेडलने थांबवतो, मागे नेतो, पुन्हा सोडतो आणि टाइप करतो. एकच माणूस शांतपणे बोलत असेल तर ते काम कुणीही करतं. पण सहाजण एकदम तावातावाने बोलतात, कुणी खुर्ची ओढतं, कुणाला खोकल्याची उबळ येते, डोक्यावर पंखा खडखडतो, तिथे बाकीचे टायपिस्ट 'अस्पष्ट' असं लिहून मोकळे होतात. त्याच्या मजकुरात हा शब्द शोधावा लागतो. माणूस बोलायला तोंड उघडण्याआधी श्वास कसा ओढतो, यावरून तो माणूस ओळखतो. ऑफिसात असं रेकॉर्डिंग आलं की साहेब म्हणतात, "ही गर्दी त्याच्याकडे पाठवा." हे वाक्य त्याने एकदा फोनमधून ऐकलं आणि त्यानंतर बरेच दिवस तो जिना जरा जास्तच ताठ मानेने उतरत होता.

आई होती तोवर घरात दोघं होती. आई गेल्यावर त्याची थोरली बहीण आली. ताई एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डची प्रमुख नर्स होती. निवृत्त झाली तरी तिच्या चपलांचा आवाज अजून वॉर्डात राउंडला निघाल्यासारखाच येतो.

"छोट्या, आता माझ्याकडे चल," तिने आल्या आल्याच सांगितलं. त्याचे केस पांढरे झाले असल्याचं लोक त्याला सांगतात, पण ताईसाठी तो छोट्याच.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एकटा कसा राहणार तू?"

"आईच्या शेवटच्या वर्षांत या घरात कोण कुणाला सांभाळत होतं, ताई?"

"ते वेगळं. तेव्हा घरात बघणारं माणूस होतं."

या वाक्याने टायपिस्टच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो नको ते बोलून बसला. "तू राहा इथे. हवं तितकं बघ. माझं एक जरी काम तुझ्यावाचून अडलं, तर मी आपण होऊन बॅग भरतो."

"शब्द?"

"शब्द."

संध्याकाळपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला होता. ताई हे प्रकरण गंमत म्हणून घेणार नव्हती. तिने त्याला निरीक्षणाखालीच ठेवलं. गॅस पेटवताना ती दारात उभी राहायची. सुईत दोरा ओवताना तिचा श्वास थांबलेला त्याला कळायचा. इस्त्री, दाढी, जिना, सगळं तिने तपासलं. मिठाचा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेला. त्याने बोट बुडवून चाखलं आणि चकार शब्द न काढता डबा जागेवर ठेवला. ताईनेही चकार शब्द काढला नाही. दोघं एकाच आईची मुलं होती.

असं करत तिच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने परत जायची होती. टायपिस्ट मनातल्या मनात जिंकला होता. त्या दिवशी फक्त एक काम उरलं होतं. पादचारी पुलाचा कठडा का तुटला याची चौकशी चालू होती, तिथल्या साक्षींचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं, आणि पूर्ण मजकूर संध्याकाळपर्यंत ऑफिसात पोचायला हवा होता. दुसऱ्या दिवशी समिती बसणार होती. शेवटचा थोडा भाग राहिला होता.

सकाळी त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

त्याने वायरवरून बोट फिरवत टेबलामागची भिंत गाठली. भिंतीवरचं बटण बंद होतं. ते बटण त्याने स्वतः कधी बंद केल्याचं त्याला आठवत नव्हतं. आदल्या संध्याकाळी ताईने टेबल सरकवून मागची धूळ काढली होती, तेव्हा हात लागला असेल. त्याने ते चालू केलं आणि पुन्हा कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

एक बीप झाला. पंखा आधी घोंगावला, मग मंद झाला. इथपर्यंत ठीक. यानंतर रोज डब्याच्या पोटातून खुरखुर सुरू होते. आतली डिस्क माहिती वाचू लागते, उंदीर पुठ्ठा कुरतडतो तसा आवाज. आणि खुरखुर थोडी लांबली की मावशी बोलते. आज खुरखुर नव्हती. पंखा एकसुरी फिरत राहिला. मावशी गप्प.

त्याने बटण दाबून धरून मशीन बंद केलं. पुन्हा लावलं. बीप, पंखा, शांतता.

"काय रे?" स्वयंपाकघरातून हाक आली. "तुझी मावशी उठली नाही का आज?"

"उठेल."

"दोन वेळा बीप वाजला."

कान घराण्यातच तिखट होते. ताई पूर्वी पॅसेजमध्ये उभी राहून कुठल्या खाटेवरचा पेशंट श्वासाला अडतोय ते सांगायची. तिला फसवणं सोपं नव्हतं.

टायपिस्ट जमिनीवर मांडी घालून बसला. त्याची काम करायची एक रीत होती. एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा, मग ऐकायचं, मग दुसरीला. त्याने प्रिंटरची वायर काढली, मशीन लावलं, ऐकलं. काही फरक नाही. वायर परत लावली. पेडलची काढली. फरक नाही. स्पीकर बदलून हेडफोन लावला, न जाणो मावशी बोलत असेल आणि स्पीकरच मुके झाले असतील. हेडफोनमध्येही सुनसान. त्याने डब्याच्या बाजूला तळहात टेकला. आत डिस्क फिरत होती, बारीक थरथर हाताला लागत होती. फिरत होती, पण वाचत नव्हती. म्हणजे गाडी चालू होती, पण कुणी गिअर टाकलेला नव्हता.

गडबड कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं. मावशीला उठवण्याच्या बरंच आधी मशीन कुठेतरी थांबत होतं. पण ते गोठलं होतं की कशाची वाट बघत होतं? हे ओळखायची एक युक्ती त्याला ठाऊक होती. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की त्याच्या वरचा बारीक दिवा पेटतो, पुन्हा दाबलं की विझतो. दिवा ऐकत असेल तर मशीन जिवंत. मात्र दिव्याला आवाज नसतो. त्याने त्यावर बोट ठेवून पाहिलं. गरमही लागत नव्हता.

घरात डोळे एकाच माणसाला होते.

ऑफिसला फोन करून 'मशीन बिघडलं' म्हणता आलं असतं. मग ती गर्दी दुसऱ्या कुणाकडे गेली असती आणि समितीसमोर पानोपानी 'अस्पष्ट' गेलं असतं. ते त्याला बॅग भरण्याहून वाईट वाटलं.

"ताई, जरा इकडे ये."

चपला आल्या. ओल्या हातांना साबणाचा वास होता.

"अडलं?"

"अजून ठरायचंय. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात वर बघ. दिवे आहेत?"

"एक हिरवा पेटलाय."

त्याने बटण दाबलं. "आता?"

"विझला."

"आता?"

"पेटला. काय चाललंय हे?"

"नाडी बघतोय." टायपिस्ट हसला. "जिवंत आहे. शुद्धीवर आहे. आपल्याला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत बसलंय."

"काय विचारलंय?"

"तेच तर."

ताईने पदराला हात पुसले आणि त्याला न विचारता मुलाला फोन लावला. भाचा कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरीला होता. टायपिस्टचा स्वतःचा फोन बटणांचा होता, गुळगुळीत काच बोटाला काही सांगत नाही म्हणून. ताईचा काचेचा होता. तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"मामा, स्क्रीनवर काय दिसतंय?" भाच्याने विचारलं.

"स्क्रीन नाहीये."

"म्हणजे काळा पडलाय?"

"काळा नाही, गोरा नाही. नाहीच. खाली औषधवाल्याकडे आहे."

पलीकडे कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. "मामा, तुमची मावशी उठते सगळ्यात शेवटी. त्याआधी मशीनला काही सांगायचं असेल तर ते फक्त स्क्रीनवर लिहितं. तुम्ही त्याचं तोंडच देऊन टाकलंत."

टायपिस्टचे कान गरम झाले. हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मशीनने मावशीच्या आधी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पडदा म्हणजे डोळस लोकांची चैन, असं त्याने धरून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. मशीनसमोर पडदा नको, असं दुसऱ्या कुणाला वाटलंच नसतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "तुझ्या आईला खाली पाठवतो."

औषधवाला स्वतःच पडदा काखेत मारून वर आला. जिना चढून धापा टाकत होता.

"लवकर आटपा, टायपिस्टभाऊ. माझं दुकान तोवर आंधळं झालंय." आणि लगेच त्याची जीभ दाताखाली आल्याचा आवाज आला. "म्हणजे... मला म्हणायचं होतं..."

"घाबरू नका. सवय होते हळूहळू," टायपिस्ट म्हणाला. "आणा इकडे ती वायर. उलटी लावताय तुम्ही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"उलटी घुसत नाही, म्हणून तुम्ही कण्हताय."

त्याने डब्यामागची खाच अंगठ्याने शोधून वायर बसवली. पडद्याचं बटण औषधवाल्याने दाबलं. ताई पुढे वाकली. केस पेपर वाचावा तसा तिने एकेक शब्द सुटा करून वाचला आणि मग मराठीत सांगितलं, "तारीख आणि वेळ नोंदलेली नाही. एफ वन दाबलं तर सेटिंग उघडेल. एफ टू दाबलं तर नेहमीचं धरून पुढे जाईल."

"बस?"

"बस. खाली एक रेघ लुकलुकतेय."

"व्हायरस," औषधवाल्याने निदान केलं. "माझ्या मेहुण्याचं अगदी असंच झालं होतं. सरळ फॉरमॅट मारा. सगळं धुऊन स्वच्छ."

"औषधवाले, तुम्ही खोकल्यालासुद्धा ऑपरेशनच सांगता का?"

ताई खुदकन हसली. टायपिस्टने कीबोर्डच्या वरच्या रांगेत बोट मोजत नेलं आणि एफ टू दाबलं.

ताईला काही ऐकू आलं नाही, औषधवाल्यालाही नाही. टायपिस्टला ऐकू आलं. डब्याच्या पोटात कुरतडणं सुरू झालं होतं. तो खुर्चीत मागे टेकला. थोड्या वेळाने मावशी बोलली आणि औषधवाला दचकला.

टायपिस्टने पहिल्यांदा मावशीला तारीख विचारली. तिने अजिबात न लाजता कुठल्या तरी जुन्या वर्षाचा एक जानेवारी सांगितला. हे मशीन घरात आलं त्याच्याही आधीचं साल.

मग सगळा उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या आत एक छोटा सेल असतो. वीज गेली तरी घड्याळ त्याच्यावर चालू राहतं. तो सेल केव्हाच मेला असणार. पण भिंतीवरचं बटण सदा चालू, त्यामुळे त्याचं मरण कुणाला कळलं नाही. काल रात्रभर बटण बंद राहिलं, घड्याळ थांबलं, आणि सकाळी मशीन तारीख विचारत दारातच अडून बसलं.

काल रात्री बटण कुणी बंद केलं, तेही आता स्पष्ट होतं. टायपिस्टने ते मनातच ठेवलं. शब्द देताना त्याने 'बटणाला हात न लावता' अशी अट घातली नव्हती. आता ते काढणं म्हणजे पळवाट शोधणं झालं असतं.

"औषधवाले," तो म्हणाला, "नाण्यासारखा चपटा सेल मिळेल?"

"साखर मोजायच्या मशीनमध्ये घालतात तो? खाली ढीग आहे. पाठवतो." मग जरा घुटमळून, "पडदा ठेवायचा का दोन दिवस?"

"नको. घेऊन जा."

"अरे!" ताई म्हणाली. "आधी नीट चालतंय का बघ तरी."

"पडदा असताना चाललं तर त्यात काय? मला तो नसताना चालायला हवंय."

पडदा खाली गेला आणि वर सेल आला. पण टायपिस्टने डब्याला हात लावला नाही. मशीन चालू होतं, आणि चालू मशीनवर आधी काम. तारीख दुरुस्त केली, कारण त्याशिवाय इंटरनेटही त्याला दारात उभं करेना. मग हेडफोन चढवला.

राहिलेला भाग सगळ्यात वाईट होता. अध्यक्ष प्रश्न विचारत होते, पुलाचा रखवालदार उत्तर देत होता, आणि मध्येच कंत्राटदाराचा वकील हरकत घेत दोघांच्या अंगावर बोलत होता. त्याच क्षणी कुणीतरी खिडकी लोटली होती. टायपिस्टने तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे नेला. खिडकीच्या करकरीखाली रखवालदार चार शब्द बोलला होता. वकिलाच्या आवाजाखाली ते पार गाडले गेले होते. टायपिस्टने डोकं एका बाजूला कलवलं, वकिलाला मनातून वजा केलं, मग खिडकी वजा केली. रखवालदार म्हणत होता, "मी आधीच कळवलं होतं." कठडा का तुटला याची चौकशी चालू होती, आणि हे चार शब्द दुसऱ्या कुणाच्याही हातात 'अस्पष्ट' झाले असते.

त्याने ते टाइप केले, मावशीकडून सगळा मजकूर एकदा वाचून घेतला आणि पाठवून दिला. अजून दुपारही कललेली नव्हती.

"झालं?" ताईने विचारलं. ती इतका वेळ दारातच बसली होती. त्याला माहीत होतं.

"काम झालं. आता ऑपरेशन."

त्याने मशीन बंद केलं, वायर काढली, डबा आडवा केला आणि बाजूचं झाकण सरकवलं. आधी आतल्या पत्र्याला हात टेकला, अंगातली वीज उतरून जावी म्हणून. दर काही महिन्यांनी तो आतली धूळ झाडायचा, त्यामुळे बोटांना आतला नकाशा पाठ होता. पंखा, त्याच्या खाली उभ्या पट्ट्या, कोपऱ्याजवळ ती गुळगुळीत गोल टिकली. ही कशासाठी असेल, असा विचार त्याने पूर्वी केला होता आणि सोडून दिला होता. इतक्यात त्याच्या गालाला किंचित ऊब लागली.

"ताई, टॉर्च लावलास?"

"हो. सवय आहे. कुणी काही उघडलं की मी उजेड धरते."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला बघायचंय."

नखाने चिमटा मागे ओढताच जुना सेल उसळून हातात आला. नव्या सेलची एक बाजू रुंद होती आणि तिच्यावर उठावाची अक्षरं लागत होती. ती वर. टक् असा आवाज करून तो बसला. झाकण लागलं, वायर लागली. पहिल्या वेळी मशीन पुन्हा अडणार हे त्याने धरलंच होतं, कारण जुना सेल काढताना घड्याळ पुन्हा कोरं झालं होतं. बीप झाला, पंखा मंदावला, खुरखुर नाही. त्याने कुणाला काही न विचारता एफ टू दाबलं. मावशी उठली. त्याने तारीख घातली आणि मशीन रीतसर बंद केलं.

"आता भिंतीवरचं बटण बंद कर, ताई."

ताई जागची हलली नाही.

"काल रात्री मीच केलं होतं," ती म्हणाली. "झाडताना सापडलं. म्हटलं, रात्रंदिवस चालू कशाला ठेवायचं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"त्यानेच झालं का हे?"

"सेल आधीच मेला होता. आज ना उद्या व्हायचंच होतं."

"छोट्या, मी कारण विचारतेय. सांत्वन नाही."

त्याने सुस्कारा सोडला. वॉर्डातल्या नवशिक्या नर्सांची काय अवस्था होत असेल ते त्याला समजलं. "हो. बटण बंद झालं म्हणून झालं."

ताईने बटण बंद केलं. दोघांनी चहा प्यायला. ताईने चहाचे कप धुतले, कपडे आत आणले, त्यांच्या घड्या घातल्या. मशीन भिंतीपासून तुटून मेल्यासारखं पडलं होतं. शेवटी टायपिस्ट म्हणाला, "कर आता चालू. तुझ्या हाताने."

बटणाचा खटका वाजला. टायपिस्टने मशीन लावलं आणि हात मांडीवर ठेवले. बीप. पंखा. मग थांबा न घेता खुरखुर. मावशीने आजची तारीख सांगितली, आत्ताची वेळ सांगितली, आणि कुणी विचारलं नसताना पावसाची शक्यताही सांगितली.

"सख्खी मावशी इतकी बडबडली नसती," ताई म्हणाली.

टायपिस्ट खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड करून बसला. "ताई, शब्द दिला होता. सकाळी तुझ्या डोळ्यांवाचून माझं अडलं. खोटं बोलणार नाही. बॅग भरू?"

"माझ्यावाचून कसं? मीच तर अडवलं."

"ते कसंही होवो. वाचलं कुणी? तू."

"औषधवालाही वाचू शकला असता."

"त्याने व्हायरस वाचला असता."

"हे बघ, बटण मी बंद केलं नसतं तर तू मला हाक मारलीच नसतीस."

"पण मारली."

दोघंही हट्टाने आपल्याच विरुद्ध भांडत होते, आणि एकही मागे हटेना. शेवटी ताई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"ऐक. वॉर्डात जहाल इंजेक्शन द्यायचं असलं की आधी बाटलीचं लेबल दोघींनी वाचायचं, असा नियम होता. मी एवढी प्रमुख, पण नोकरीभर दर वेळी दुसरीला हाक मारली. 'जरा हे वाच गं.' मला त्याबद्दल कुणी 'घरी बसा' म्हणालं नाही. उलट जी हाक मारत नव्हती, तिला मी घरी पाठवायचे."

टायपिस्ट म्हणाला, "म्हणजे औषधवाल्याशी बोलून ठेवतो. वेळ पडली तर पडदा घेऊन यायचा आणि वाचायचं."

"आणि निदान करायचं नाही."

"ते त्याला जमेल असं वाटत नाही."

ताई उठली. तिने नवऱ्याला फोन लावला आणि बोलत बोलत पलीकडच्या खोलीत गेली. या घरात पलीकडच्या खोलीला काही अर्थ नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचा आवाज गरजेपेक्षा बराच मोठा होता.

"अहो, उद्या एकटीच येतेय मी... का म्हणजे? त्याला काम आहे इथे... अहो, कसलं काय विचारता, चौकशी समितीचं! सगळे एकदम बोलतात ना तिथे, याच्याशिवाय कुणाला काही समजतच नाही... हो, आणि मशीन बंद पडलं होतं. सगळं मशीन उघडलं त्याने. सगळं! एकेक भाग काढला, तपासला, परत लावला. मी टॉर्च धरून उभी होते ना, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय..."

"एक सेल बदलला, ताई," टायपिस्ट खुर्चीतून ओरडला. "फक्त एक सेल."

"तू मध्ये बोलू नकोस," पलीकडून उत्तर आलं. "मी सांगतेय ना यांना."